पहिल्या बाजूचा चढा सूर

भूकंप झाला त्या वर्षी मी लातूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते. माहेर नांदेडचं, नोकरी लातूरला, म्हणून मामाकडं राहत होते. वय चोवीस. डोक्याला हेडसेट, समोर दिवे लागणारा बोर्ड, हातात कॉर्ड. एका गावाचा आवाज दुसऱ्या गावाला जोडून द्यायचा आणि आपण बाजूला व्हायचं, एवढंच काम.

भूकंपानंतरच्या महिन्याभरात मी जितके आवाज ऐकले तितके नंतर आयुष्यभर ऐकले नसतील. पुण्याहून, सोलापूरहून, हैदराबादहून लोक गावांची नावं सांगायचे. ती गावं बोर्डावर होती, पण दिवा लागत नव्हता. मी म्हणायची, "लाइन मिळत नाही." एक माणूस रोज सकाळी अकराच्या सुमाराला एकच नंबर मागायचा. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत त्यालाही कळलं असणार. तरी म्हणायचा, "एकदा लावून तर बघा, बाई." मी लावून बघायची. दोघंही थोडा वेळ ती मुकी लाइन ऐकत राहायचो. मग तो "बरं" म्हणून ठेवून द्यायचा.

दुपारी दोनला ड्यूटी सुटली की मी गंजगोलाईच्या बाजारावरून चालत घरी जायची. कानातला हेडसेट काढलेला असायचा, पण आवाज चालूच असायचे. हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का. रस्त्यावर कुणी हाक मारली तरी माझा हात कॉर्ड शोधायचा.

त्या वाटेवर एक कॅसेटचं दुकान होतं. पत्र्याचा गाळा, आत दोन डेक, एक अँप्लिफायर आणि भिंतभर कॅसेटी. गाण्यांची यादी द्यायची, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन जायची, असं ते दुकान. मालक पन्नाशीचे, बारीक अंगाचे, कानाला कायम पेन्सिल लावलेली. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्या दिवसांत लोकांना दगडी भिंतीची, स्लॅबची भीती बसली होती. मामाच्या घरातसुद्धा आम्ही जेवण अंगणात करायचो. चाचांच्या दुकानात मात्र लोक निवांत टेकायचे. पत्रा पडला तरी काय लागणार! मधूनच जमीन हलायची, भिंतीवरच्या कॅसेटी खुळखुळायच्या, सगळे एकमेकांकडं बघायचे आणि पुन्हा बोलायला लागायचे.

मामींसाठी अभंगांची कॅसेट भरून घ्यायला मी पहिल्यांदा तिथं गेले. चाचा काउंटरवर एक उघडलेली कॅसेट घेऊन बसले होते. पाच बारीक स्क्रू बशीत काढून ठेवलेले. फीत चुरगळून कागदाच्या झिरमिळ्यांसारखी झालेली.

"मदतीला आलेल्या परदेशी लोकांपैकी एक साहेब देऊन गेला," ते म्हणाले. "जीपमधल्या टेपनं खाल्ली. म्हणाला, परवा येतो. जॅझ म्हणतात म्हणे ह्याला. थांब बेटा, जोडून बघतो, मग तुझं काम."

त्यांनी अंगठ्याच्या नखानं फीत सरळ केली. अगदीच फाटला होता तेवढा हातभर तुकडा कापून टाकला, दोन टोकं चिकटपट्टीनं जोडली, स्क्रू लावले आणि कॅसेट डेकमध्ये टाकली.

आधी नुसती सुरसुर आली. मग कुठंतरी खोल, एका जाड तारेवर कुणी तरी चालायला लागलं. त्याच्यावर पियानोचे दोन थेंब. आणि मग ट्रम्पेट. मी ट्रम्पेट लग्नाच्या बँडमध्येच ऐकलं होतं. हे तसं नव्हतं. हे वाजवणारा माणूस जणू खिडकीकडं तोंड करून उभा होता आणि खोलीत कुणी आहे हे त्याला माहीतच नव्हतं.

मी स्टुलावर बसले. किती वेळ बसले ठाऊक नाही. त्यात शब्द नव्हते. कुणाला काही विचारायचं नव्हतं, कुणी काही मागत नव्हतं. महिन्याभरात पहिल्यांदा माझ्या कानातले आवाज मागं मागं सरकत गेले, उन्हाळ्यात तळ्यातलं पाणी काठापासून सरकावं तसे. मधेच एका ठिकाणी, जिथं चाचांनी जोड दिला होता, सूर एकदम उडी मारून पुढं जायचा. पहिल्यांदा मी दचकले. दुसऱ्या दिवशी त्या उडीची वाट बघत होते.

साहेब परवा आला नाही, नंतरही आला नाही. त्यांची तुकडी दुसरीकडं गेली असं कळलं. चाचा म्हणाले, "परक्याची चीज आहे. येईल तेव्हा चालू स्थितीत पाहिजे." म्हणून ते रोज दुपारी एकदा ती कॅसेट दोन्ही बाजूंनी वाजवायचे. मीही रोज दुपारी तिथं असायची. मामींना सांगायची, रेकॉर्डिंग व्हायचंय.

दुकानात आलेला प्रत्येक जण त्या कॅसेटबद्दल काही ना काही बोलायचा. एक हमाल पाठीवरचं पोतं टेकवून पाच मिनिटं ऐकत राहिला आणि म्हणाला, "पण गाणं कवा सुरू होणार?" चहा घेऊन येणारा टपरीवाला म्हणायचा, हे म्हणजे भांडण झाल्यावर नवरा-बायको एका घरात फिरत असतात तसं आहे. कॉलेजातले एक प्राध्यापक भुवया वर करून म्हणाले, शास्त्रीय बैठक दिसत नाही, पण बेशिस्तही नाही. धर्माबादहून मिरचीच्या व्यापारासाठी येणारे एक शेटजी होते, मराठी तेलुगूच्या चालीवर बोलायचे. ते बाकावर बसल्या बसल्या घोरायला लागले. उठल्यावर ओशाळून म्हणाले, "चांगला आहे हो. ह्यानं झोप येते." त्या दिवसांत लातुरात कुणालाच धड झोप येत नव्हती. ह्याहून मोठी तारीफ मी त्या कॅसेटची नंतर कुठं ऐकली नाही.

आणि मग मास्तर आले.

मास्तर म्हणजे लग्नाच्या ब्रास बँडचे बँडमास्तर. गाव जळकोटकडचं, पण सीझनमध्ये लातुरातच मुक्काम. चाचांच्या गाळ्यामागं एका शेडमध्ये त्यांच्या बँडची तालीम चालायची. भूकंपानंतर लग्नं पुढं ढकलली गेली होती, बँड बसून होता. ट्रम्पेट ऐकून ते शेडमधून आले आणि दारातच उभे राहिले. काळा, उंच माणूस, वरच्या ओठावर ट्रम्पेटच्या तोंडपट्टीचा कायमचा गोल वण.

पहिली बाजू संपेपर्यंत ते हलले नाहीत. मग म्हणाले, "चाचा, ह्यो माणूस फुकतच न्हाई. श्वास सोडून राहिलाय."

दुसऱ्या दिवसापासून तेही दुपारी यायला लागले. आम्ही तिघं. फारसं बोलत नव्हतो. चाचा काउंटरमागं, मी स्टुलावर, मास्तर दारात उकिडवे. कधी मास्तर बोट वर करायचे. त्याचा अर्थ, आता ऐका. आणि त्या क्षणी ट्रम्पेट एखाद्या सुरावर येऊन नुसतं थांबलेलं असायचं. मला अजून त्या दुपारी आठवतात त्या पिवळसर, पत्र्याच्या भोकांतून पडलेल्या उन्हाच्या कवडशांसकट. बाहेर ट्रकमधून ताडपत्र्या, पत्रे, भांडी किल्लारीकडं चाललेली आणि आत आम्ही तिघं कुण्या लांबच्या देशातल्या माणसाचा श्वास ऐकत बसलेलो.

एके दिवशी मास्तर आपलं ट्रम्पेट घेऊन आले. त्याच्या भोंग्यात फडकं कोंबून आवाज बारीक केला आणि कॅसेटबरोबर वाजवायला बघू लागले. थोडं वाजवलं, थांबले. नळी जराशी आत ढकलली, पुन्हा वाजवलं. पुन्हा थांबले.

"चाचा, हे चढं हाय," ते म्हणाले.

"काय चढं आहे?"

"सूर. ह्या बाजूचा. ना ह्या पट्टीत, ना त्या पट्टीत. दोन्हीच्या मधी लटकून राहिलाय."

त्यांनी कॅसेट उलटून लावायला सांगितली. दुसऱ्या बाजूला त्यांचं ट्रम्पेट बरोबर जुळलं. पुन्हा पहिली बाजू. पुन्हा नाही.

चाचांचा चेहरा उतरला. तो डेक त्यांचा जीव होता. रोज सकाळी स्पिरिटच्या बोळ्यानं त्याचं हेड पुसल्याशिवाय ते चहा घेत नसत. "माझ्या डेकचा स्पीड एकदम करेक्ट आहे," ते म्हणाले. मास्तर म्हणाले, "हाव, असंल. पण सूर चढा हाय." चाचांनी कॅसेट दुसऱ्या डेकमध्ये टाकली. तिथंही तेच. मास्तर शांतपणे म्हणाले, "तिथंबी चढाच हाय."

तेव्हा दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. त्यांच्यातलं कुणीतरी हसलं. चाचांना ते लागलं असावं. ते म्हणाले, "एवढ्या मोठ्या साहेबलोकांनी वाजवलं, भरलं, जगभर विकलं, त्यांना कळलं नाही. आणि जन्मभर घोड्याच्या पुढं वाजवणाऱ्याला कळलं!"

मास्तरांनी ट्रम्पेटमधलं फडकं काढलं. त्याची नीट घडी केली, खिशात ठेवली. माझ्याकडं बघून "येतो, बाई," म्हणाले आणि गेले. पुन्हा दुकानात आले नाहीत. तालमीची शेडही त्यांनी बदलली.

लग्नं सुरू झाल्यावर वराती त्या रस्त्यानं जायला लागल्या. मास्तरांचा बँड लांबून वाजत यायचा आणि चाचांच्या दुकानाच्या अलीकडं गप्प व्हायचा. दुकान ओलांडेपर्यंत नुसते पाय वाजायचे. वरातीतली पोरं ओरडायची, बँड का थांबला म्हणून. दुकान मागं पडलं की पुन्हा सुरू. चाचा तेव्हा कॅसेटींवरची धूळ पुसत पाठमोरे उभे असायचे. मी दोनदा म्हणाले, चाचा, जाऊन बोला ना. ते म्हणाले, "काय बोलू? शब्द गेला तो गेला."

दोन वर्षांनी माझं लग्न झालं, बदली नांदेडला झाली. निघताना चाचांनी त्या कॅसेटची एक कॉपी मला दिली, जोडाच्या उडीसकट. नांदेडच्या घरात मी ती वर्षानुवर्षं ऐकली. ट्रंकचे बोर्ड बंद झाले, मी बिलांच्या खिडकीवर बसायला लागले. घरचे हसायचे, ह्यात काय ऐकतेस म्हणून. मी कपडे वाळत घालताना लावायची. गच्चीवर ओल्या साड्यांच्या मधून फिरताना ते सूर वाऱ्याबरोबर कमीजास्त व्हायचे आणि मला वाटायचं, आपण कुठल्या तरी समुद्राच्या गावात राहतो.

दहा-बारा वर्षांनी एका लग्नाला हैदराबादला गेले होते. तिथल्या मोठ्या दुकानात सहज बघताना साहेबाच्या कॅसेटच्या डबीवर होती तीच छबी दिसली. सीडी होती. वर लिहिलं होतं, रिमास्टर केलेली. दुकानातला माणूस म्हणाला, मूळ टेपवरून नव्यानं साफ करून काढलीय, मॅडम. मी घेतली. परतीच्या गाडीत भाच्याचा सीडी प्लेअर मागून घेतला, कानाला लावला आणि डोळे मिटले.

पहिल्यांदा वाटलं, काहीतरी चुकलंय. सुरसुर नव्हतीच. खोली झाडून, पडदे काढून ठेवल्यासारखी. झांजेवर ब्रश फिरतो तो इतका जवळ, की मी कान मागं घेतला. मग ती जोडाची जागा आली. माझं मन सवयीनं उडी मारायला तयार. पण ट्रम्पेटनं उडी मारली नाही. ते चार-पाच पायऱ्या हळूहळू खाली उतरलं, तळाशी थोडं थांबलं आणि वर आलं. इतकी वर्षं मी ज्या घरात राहिले त्यात एक खोली होती आणि मला माहीत नव्हती, असं झालं. मला आनंद झाला का? नक्की सांगता येत नाही. चाचांनी कापून टाकलेल्या हातभर फितीत एवढं सगळं होतं, ह्याचं वाईटच वाटलं थोडं.

सीडीबरोबर एक छोटी पुस्तिका होती. ती वाचताना निजामाबादच्या आसपास मी एकटीच मोठ्यानं हसले. त्यात लिहिलं होतं की, ध्वनिमुद्रणाच्या एका दिवशी यंत्र किंचित हळू फिरत होतं. त्यामुळं पहिल्या बाजूची गाणी नेहमीच्या वेगानं वाजवली की चढ्या सुरात ऐकू येतात. जगभर कित्येक वर्षं ती तशीच विकली गेली. नव्या आवृत्तीत ती मूळ सुरात आणली आहेत.

पुढच्या रविवारी मी लातूरला गेले.

गंजगोलाई तशीच, पण तिकडं जाणारे रस्ते ओळखू येईनात. जिकडंतिकडं क्लासचे बोर्ड, त्यांवर पहिल्या आलेल्या मुलामुलींचे फोटो, खोल्या भाड्यानं मिळतील, मेस, लायब्ररी. पाठीवर दप्तर घेतलेली मुलं गटागटानं एका क्लासमधून दुसऱ्या क्लासकडं चाललेली. चाचांचा गाळा आता पक्का झाला होता आणि त्यात झेरॉक्सची दोन मशीन घरघरत होती. दारात नोट्ससाठी रांग. चाचा पार पिकले होते. कानाला पेन्सिल होतीच.

"कॅसेटी आता कोण घेतंय, बेटा," ते म्हणाले. "दिवसभर फिजिक्स छापतो."

मी पुस्तिका काढून त्यांना तो परिच्छेद मराठीत वाचून दाखवला. रांगेतली मुलं ताटकळत होती. चाचांनी मशीन बंद केलं. म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचला. मग त्यांनी शटर अर्धं ओढलं, पोरांना "दोन तासांनी या रे" म्हणाले आणि मी बरोबर आणलेला भाच्याचा प्लेअर जुन्या अँप्लिफायरला जोडून आम्ही दुकानातच ती सीडी ऐकली. मला वाटत होतं, त्यांना ते आवडणार नाही, जुन्या माणसाला जुनंच बरं वाटेल. पण ते अँप्लिफायरवर हात ठेवून मान हलवत होते. "सुरसुर नाही. बिलकुल नाही. अगं, जन्म गेला माझा ही सुरसुर घालवण्यात. अल्कोहोल, बोळे, नवीन हेड... आणि ह्यांनी करून दाखवलं." त्यांचे डोळे भरून आले होते. मला कबूल करवेना, की मी त्या सुरसुरीतच झोपायला शिकले होते.

मास्तर कुठं आहेत, हे चाचांना ठाऊक होतं. डीजे आल्यावर बँड मोडला, मास्तर जळकोटजवळ आपल्या गावी गेले. "मी पत्ता विचारून ठेवला होता," चाचा म्हणाले, "जायचं झालं नाही." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं निघालो. वाटेत चाचा खिडकीबाहेर बघत होते. उदगीर मागं पडल्यावर म्हणाले, "बोलायचं तू."

मास्तर अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. पुढचे दात गेलेले, त्यामुळं चेहरा आत ओढलेला. त्यांनी आधी मला ओळखलं. मग चाचांकडं बघितलं. बाज पुढं सरकवली, घरात चहाचं सांगितलं.

मी पुस्तिका वाचून दाखवली. मास्तरांचा उजवा कान कमी ऐकत होता, म्हणून डाव्या बाजूला जाऊन वाचावं लागलं. ते ऐकून मास्तर शेंगा सोलतच राहिले.

चाचाच बोलले. "मास्तर, चूक डेकची नव्हती. माझी होती."

"डेकला मी बोललोच न्हवतो," मास्तर म्हणाले. "मी सूर चढा म्हनलं. डेक तुमीच मधी आणला."

चाचा म्हणाले, "हो. आणि घोडाही मीच आणला."

मास्तर हसले तेव्हा मला पहिल्यांदा त्यांच्या हिरड्या दिसल्या. चहा आला. मी सीडी प्लेअरला दोन छोटे स्पीकर जोडले आणि पहिल्या बाजूची गाणी लावली. मास्तरांनी डावा कान स्पीकरला लावला. उजव्या हाताची तीन बोटं गुडघ्यावर हलत होती, ट्रम्पेटच्या खुंट्या दाबाव्यात तशी. कोंबड्या अंगणभर फिरत होत्या. पहिलं गाणं संपलं, दुसरं संपलं.

"हां. आता बराबर हाय," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "पहिल्यात त्याला घाई होती. कुठं तरी जायचं होतं. आता बसून वाजवून राहिलाय."

"मग कोणतं बरं?" मी विचारलं.

"बरं म्हंजी... खरं हे हाय. पर लोकांच्या लग्नांत मी तेच वाजवायचो, चढं. नळी आत ढकलायची आणि नवरी निघाली की चार सूर तेच. कुणाला कळत न्हवतं काय हाय. बाया रडायच्या."

चाचांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "माझ्या दुकानासमोर मात्र तुम्ही गप्प व्हायचात."

"पहिल्यांदा रागानं," मास्तर म्हणाले. "मंग आत काय लावलंय ते ऐकाया."

मास्तरांनी घरातून पत्र्याची पेटी आणली. ट्रम्पेट फडक्यात गुंडाळलेलं होतं, पितळ हिरवट झालेलं, मधली खुंटी घट्ट अडकलेली. चाचांनी ते मांडीवर घेतलं, शिवणयंत्राचं तेल मागवलं, पेन्सिलीच्या टोकाला चिंधी लावली आणि खुंटी सोडवायला बसले. दोघांची डोकी एकमेकांजवळ. ऊन बाजेवरून खाली उतरलं, अंगणातून कुंपणाकडं गेलं. मला अर्धवट झोप लागत होती आणि झोपेतच ऐकू येत होतं: असं न्हाई, असं. थोडं तेल. राहू द्या, मुरू द्या.

चार वाजता लातूरची गाडी होती. चाचा म्हणाले, "तू जा बेटा, मी उद्या येतो. हे अर्धं सोडून कसं यायचं?" सीडी, प्लेअर सगळं मी तिथंच ठेवलं. भाच्याला काय सांगायचं ते नांदेडला गेल्यावर बघू, म्हटलं.

गाडीत शेजारी एक बाई बसली होती. तिची मुलगी पुढच्या सीटवर, मांडीवर गुंडाळलेली गादी, पायाशी बादली आणि पुस्तकांचं खोकं. मुलीला क्लासला घालायला चालली होती. मुलगी गादीवर डोकं टेकून केव्हाच झोपली होती.

"तिकडं गडबड लई असती म्हनत्यात," बाई म्हणाली. "हिला गावाकडं कुत्रं भुंकलं तरी जाग येती. कशी अभ्यास करायची?"

"होते सवय," मी म्हणाले.

बाईनं मुलीच्या कपाळावरचे केस मागं सारले. दोन्ही बाजूंनी तुरीची पिवळी रानं मागं चालली होती. मग बाईही पेंगायला लागली आणि तिचं डोकं हळूहळू माझ्या खांद्यावर आलं. मी ते तसंच राहू दिलं, लातूरचे दिवे दिसेपर्यंत.